चाळीस सेंटिमीटरवरचं रीडिंग

प्रकाश आणि आपण इंजिनिअरिंगवाले, यांचं नातं फार जुनं. फर्स्ट इयरला ड्रॉइंगची शीट, शीटखाली काच, काचेखाली ट्यूब आणि शेजारी 'चेक' झालेली शीट देणारा एक उदार मित्र... जीटी, म्हणजेच ग्लास ट्रेसिंग! ज्याने आयुष्यात एकदाही जीटी मारली नाही त्याने हा लेख इथेच सोडून मेसला जावं, आज बहुतेक बटाट्याचीच भाजी असेल. बाकीच्यांनी वाचावं, कारण हा लेख तुमच्या-माझ्याबद्दल आहे. आणि सर-मॅडमनीही वाचावा, कारण थोडासा त्यांच्याबद्दलही आहे.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. गेल्या सेमिस्टरच्या माझ्या जर्नलात एकही रीडिंग माझं नाही. अक्षर माझं, शाई माझी, आकडे मात्र वरच्या मजल्यावरच्या सीनियरचे. त्याने ते त्याच्या सीनियरकडून घेतले होते. त्या 'मास्टर जर्नल'चा उगम शोधायला गेलं तर बहुधा कॉलेजच्या पायाभरणीपर्यंत जावं लागेल! हल्ली तर तेवढेही कष्ट नकोत. कॉम्प्युटरला सांगितलं की तो दहा रीडिंग तयार करून देतो, वर खरं वाटावं म्हणून थोडी एररही घालून देतो. यात काही चूक आहे असं मला कधी वाटलंच नाही. उत्तर तर पुस्तकात आहे, मग रीडिंग घेतलं काय आणि 'बसवलं' काय, फरक काय पडतो?

फरक काय पडतो हे मला नववीतल्या एका मुलीने दाखवलं. तीच गोष्ट सांगायची आहे.

झालं असं, की एनएसएसतर्फे आम्हा चौघांना कॉलेजच्या मागच्या गावातल्या हायस्कूलमध्ये पाठवलं. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर होतं आणि मुलांना प्रयोग बसवायला मदत करायची होती. ('प्रयोग बसवणे' हा शब्द आपण किती सहज वापरतो बघा, नाटक आणि फिजिक्स दोन्हीकडे!) मी सेकंड इयर ई अँड टीसीचा, म्हणजे गावात साक्षात एडिसन. मी एलडीआरचा प्रयोग सुचवला. स्वस्त, सोपा आणि हमखास चालणारा.

ज्यांच्या ब्रँचला एलडीआरशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एलडीआर म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा रेझिस्टर. पाच-दहा रुपयांना मिळणारी शर्टाच्या बटणाएवढी चकती, तिच्यावर नागमोडी पट्टा. तो पट्टा बहुतेक वेळा कॅडमियम सल्फाइडचा असतो. अंधारात त्यातले इलेक्ट्रॉन जागच्या जागी बांधलेले असतात, त्यामुळे रोध मेगाओहममध्ये जातो. उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि रोध काही किलोओहमवर किंवा त्याच्याही खाली येतो. माझा प्रयोग असा : टॉर्च लांब न्यायची, रोध वाढतो हे दाखवायचं, आलेख काढायचा, चहा प्यायचा.

पहिल्या दिवशी वर्गातल्या बाकावर एलडीआर ठेवला, मल्टिमीटर लावला आणि मुलांना रीडिंग घ्यायला सांगितली. दहा मिनिटांत गोंधळ. टॉर्च लांब नेली तरी रोध कमी होतोय! खिडकीतून ढगाआडचं ऊन येत-जात होतं. मी म्हटलं, "थोडं मागे-पुढे होणारच." तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं,

"दादा, आपण टॉर्चचा प्रकाश मोजतोय का खिडकीचा?"

मी हसलो. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग खोकं आलं. बुटांची दोन खोकी जोडून एक लांब बोगदा केला आणि आत काळा कागद चिकटवला. एका टोकाला एलडीआर. दुसऱ्या टोकाच्या भोकातून लाकडी पट्टी आत सरकवायची, पट्टीच्या टोकावर सहा व्होल्टचा छोटा बल्ब. टॉर्च रद्द केली, कारण टॉर्चमागचा आरसा प्रकाश एकाच दिशेला फेकतो आणि सेल उतरले की टॉर्च आपोआप मंद होते. बल्बला एलिमिनेटर जोडला.

त्या एलिमिनेटरवर तीन, साडेचार, सहा व्होल्टचं बटण होतं. मला लगेच आयडिया सुचली. बल्ब सरकवायचा कशाला? बटण फिरवा, उजेड कमी-जास्त! एक पोरगा भोकातून डोकावून म्हणाला, "दादा, तीनवर बल्ब लालसर होतो." बरोबर होतं त्याचं. फिलामेंट थंड झालं की नुसता उजेड कमी होत नाही, रंगही बदलतो. कॅडमियम सल्फाइड तर साधारण हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतं, लालला कमी. म्हणजे मी एका बटणाने दोन गोष्टी बदलत होतो आणि रोध कशामुळे बदलला ते सांगताच आलं नसतं. मुलांनी ठरवलं, बटण सहावरच चिकटपट्टीने बंद. बदलायचं ते फक्त अंतर.

प्रयोग फेअर हवा, म्हणजे नेमकं काय, ते मला तिथे कळायला लागलं. एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या सगळ्या धरून ठेवायच्या. ऐकायला सोपं आहे, पण 'बाकीच्या सगळ्या' म्हणजे कोणत्या, हे कुणी सांगत नाही. त्या एकेक करून शोधाव्या लागतात. आम्हाला सापडलेल्या या बघा :

एलडीआर आळशी असतो. झाकण लावलं की रोध एकदम वर जात नाही, सेकंदामागून सेकंद चढत राहतो. कुणी लगेच वाचतं, कुणी थांबून. म्हणून नियम केला : प्रत्येक अंतरावर घड्याळ लावून तीस सेकंद थांबायचं, मगच आकडा लिहायचा.

एलडीआरला आठवणही असते. आधी लख्ख उजेडात ठेवला असेल आणि आधी अंधारात ठेवला असेल तर तेवढ्याच प्रकाशात आकडा थोडा वेगळा येतो. म्हणून एकदा जवळून लांब जायचं, एकदा लांबून जवळ यायचं.

मीटरच्या दोन्ही पिना बोटांनी दाबून धरल्या की अंधारातला रोध घसरतो, कारण आपलं शरीरच एलडीआरला समांतर जोडलं जातं! म्हणून क्रोकोडाइल क्लिप.

आणि एकाने पूर्ण अंधारातला रोध '१ ओहम' असा लिहिला होता. मीटरवर डावीकडे नुसता १ आला म्हणजे आकडा रेंजच्या बाहेर गेला, हे त्याला मी सांगितलंच नव्हतं. सगळे हसले, मीही हसलो. वास्तविक चूक माझी होती.

आता खरी गोष्ट. दहा आणि वीस सेंटिमीटरची रीडिंग घ्यायची वेळ आली तेव्हा मी फळ्यावर मोठ्या ऐटीत व्यस्त वर्गाचा नियम लिहिला. अंतर दुप्पट, प्रकाश एक चतुर्थांश, म्हणून रोध चौपट. दहा सेंटिमीटरला १.५ किलोओहम आला. "आता वीसला ६ येणार," मी जाहीर केलं. आला ३.९. पुन्हा घेतलं, ३.९. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काहीतरी चुकतंय, उद्या बघू." पण खरं सांगतो, डोक्यात तेव्हाच हिशोब सुरू झाला होता, की बल्ब जरा पुढे-मागे करून ६ कसा आणता येईल.

रात्री हॉस्टेलवर एलडीआरची डेटाशीट उघडली. त्यात गॅमा नावाचा एक आकडा असतो. प्रकाश चौथाई झाला की रोध चौपट होत नाही, चाराच्या गॅमाव्या घाताएवढा वाढतो. नेहमीच्या एलडीआरमध्ये हा गॅमा साधारण ०.७ च्या आसपास. चाराचा ०.७ वा घात म्हणजे सुमारे २.६. आणि १.५ गुणिले २.६ म्हणजे ३.९!

पार्टनर झोपला होता, नाहीतर त्याला उठवून सांगितलं असतं. मुलांचं रीडिंग तंतोतंत बरोबर होतं. चूक फळ्यावर होती. मी जर त्यांना ६ बसवायला लावला असता, तर प्रदर्शनात एक सुंदर, गुळगुळीत आणि साफ खोटा आलेख लागला असता, आणि कुणालाही कळलं नसतं.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा होईल की नाही? नाही झाला.

दुसऱ्या दिवशी पूर्ण तक्ता भरत होतो. आकडे छान चढत होते. ३५ सेंटिमीटरला ८.१ आला आणि ४० ला ७.६. लांब जाऊन रोध कमी! दुसऱ्या बाकावरची तीच मुलगी लिहीत होती. मी तिच्या हातातला खोडरबर घेतला, ७.६ पुसला आणि माझ्या हाताने १० लिहिला. म्हटलं, "हे चुकून आलंय. आलेखावर हे असंच यायला पाहिजे." ती काही बोलली नाही. मी दादा, ती नववीत. काय बोलणार?

परवा गेलो तर वहीत माझ्या १० च्या शेजारी तिने पेनने ७.६ पुन्हा लिहिला होता. खाली आणखी तीन रीडिंग : ७.६, ७.५, ७.६. शाळा सुटल्यावर थांबून घेतलेली. मला म्हणाली, "दादा, रागावू नका, पण ते चुकून येत नाहीये. दर वेळी येतंय." मग तिने खोक्याचं झाकण काढून दाखवलं. बाजूच्या भिंतींना काळा कागद होता, पण जिथून पट्टी आत जाते ती मागची भिंत आम्ही पांढरीच ठेवली होती. बल्ब चाळीसवर गेला की त्या भिंतीला जवळजवळ टेकायचा आणि मागे जाणारा प्रकाश भिंतीवरून पुढे यायचा. एलडीआरला बल्ब लांब गेल्याचं कळायच्या आधी भिंतीचा उजेड मिळत होता.

मागच्या भिंतीला काळा कागद लावला. सगळी रीडिंग पुन्हा घेतली. चाळीसला आला १०.२.

म्हणजे माझा १० जवळजवळ बरोबर होता की! तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? मीही क्षणभर तेच म्हणालो. पण त्याच वेळी ३५ चं रीडिंग ८.१ वरून ८.५ वर गेलं. तिथेही पांढऱ्या भिंतीने थोडा हात मारला होता, पण तो आकडा आलेखात शहाण्यासारखा बसत होता म्हणून मी त्याला हातच लावला नव्हता. मी फक्त 'दिसणारी' चूक पुसली, न दिसणारी तशीच ठेवली. आणि ज्या एका रीडिंगने त्या भिंतीचा पत्ता सांगितला असता, नेमकं तेच मी खोडरबरने मारून टाकलं. रीडिंग बसवण्यात हा खरा तोटा आहे. आकडा कदाचित बरोबर येतोही, पण भिंत पांढरीच राहते.

या गोष्टीला एक जुना दाखला आहे. प्रकाशाने रोध बदलतो हा शोधच मुळी न जुळणाऱ्या रीडिंगमधून लागला. विलोबी स्मिथ नावाचा इंग्रज इलेक्ट्रिकल इंजिनिअर समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल तपासायचा. त्यासाठी त्याला मोठा आणि स्थिर रोध हवा होता, म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. पण रोध स्थिर राहीना. एकाचं रीडिंग दुसऱ्याशी जुळेना. त्याला सहज म्हणता आलं असतं, की माल खराब आहे, सरासरी काढा आणि पुढे चला. त्याने तसं केलं नाही. कांड्या सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवल्या. झाकण बंद, रोध जास्त. झाकण उघडं, रोध कमी. मग त्यालाही आपल्यासारखीच शंका आली, की हे उष्णतेमुळे तर नसेल? म्हणून त्याने कांडी पाण्याच्या भांड्यात ठेवली, वर सुमारे इंचभर पाणी, म्हणजे तापमान बदलायला नको. तरी प्रकाश पडला की रोध उतरलाच. फेब्रुवारी १८७३ मध्ये त्याने हे जाहीर केलं. एक खोकं, एक झाकण, थोडं पाणी. सगळी लॅब एवढीच. आमच्या बुटांच्या खोक्यापेक्षा फार वेगळी नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या लॅबमध्ये विलोबी स्मिथ आला असता तर काय झालं असतं? त्याच्या जर्नलवर लाल शाईत 'रिपीट' असा शेरा पडला असता आणि तो रात्री माझ्याकडे मास्टर जर्नल मागायला आला असता.

हे मी सरांना दोष द्यायला लिहीत नाही. दोन तासांचं प्रॅक्टिकल, वीस जणांची बॅच, चालू अवस्थेतले किट चार, आणि सबमिशनच्या आठवड्यात टेबलावर जर्नलांचा डोंगर, यात प्रत्येकाचं रीडिंग कोण तपासणार? आणि आम्ही तरी कुठले साधू आहोत! चार जणांच्या ग्रुपमध्ये एक नॉब फिरवतो, एक लिहितो, दोघे मॅचबद्दल बोलतात. पण याचा परिणाम काय होतो? पुस्तकाशी जुळलं की मार्क, नाही जुळलं की चक्कर. मग आम्ही चार वर्षं एकच कला शिकतो, उत्तर आधी बघायचं आणि रीडिंग मागाहून बसवायचं. प्रयोग आम्ही करतच नाही. प्रयोगाची जीटी मारतो.

"असू दे रे, जर्नलच तर आहे," असं माझा पार्टनर म्हणतो. पण जर्नल हे सवयीचं पान आहे. उद्या आपल्यातला कुणी सिव्हिलवाला साइटवर काँक्रीटचे क्यूब फोडेल. एम २० ला अठ्ठावीस दिवसांनी २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर यायला हवं, आलं १६. त्या दिवशी त्याच्या हाताला काय सवय असेल? आणि खालच्या कॉलमवर कुणाचं घर उभं असेल? तिथली पांढरी भिंत कोण शोधणार?

नुसती टीका करून उपयोग नाही, म्हणून चार सूचना करतो. एकालाही ग्रँट लागत नाही.

एक, प्रॅक्टिकलच्या दिवशी रीडिंग पेनने लिहायची आणि निघण्यापूर्वी त्याच पानावर सही घ्यायची. आकडा चुकला तर एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. खोडरबर लॅबच्या बाहेर.

दोन, दर सेमिस्टरला एक तरी प्रयोग असा ठेवावा ज्याचं उत्तर पुस्तकात नाही. प्रत्येक ग्रुपला एक एलडीआर, एक खोकं द्या आणि म्हणा, तुमच्या एलडीआरचा गॅमा काढा. प्रत्येकाचा थोडा वेगळा येईल. कुणाचं उतरवणार?

तीन, न जुळणाऱ्या रीडिंगला मार्क कापण्याऐवजी ते का आलं असावं या चार ओळींना मार्क द्यावेत. व्हायवालाही व्याख्येऐवजी हेच विचारावं. खोटं रीडिंग लिहिणाऱ्याला 'हे असं का आलं' सांगता येत नाही, तो तिथेच सापडतो.

चार, ही आपल्यासाठी. वरच्या मजल्यावरचं ते मास्टर जर्नल आता निवृत्त करूया. त्याने भरपूर सेवा केली.

सर म्हणतील, युनिव्हर्सिटीचा सिलॅबस आहे, एक्स्टर्नल येतात, सगळं आमच्या हातात नसतं. मान्य. पण पेन आणि सही तर हातात आहे?

प्रदर्शनाचं काय झालं ते राहिलंच. मुलांनी तक्त्यात दोन रकाने केले होते, 'मागची भिंत पांढरी असताना' आणि 'काळी केल्यावर'. ७.६ मोठ्या अक्षरात, त्याच्याभोवती लाल गोल. बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर नेहमीप्रमाणे खाण्याच्या सोड्याच्या ज्वालामुखीला गेला. पण एक परीक्षक त्या लाल गोलापाशी बराच वेळ थांबले आणि त्या मुलीने त्यांना झाकण काढून भिंत दाखवली. मी मागे उभा होतो. त्या वहीत माझ्या अक्षरातला १० अजून आहे. तिने तो खोडला नाही. मला वाटतं, तेही एक रीडिंगच आहे, माझं.

या सेमिस्टरच्या माझ्या जर्नलात एका पानावर एक आकडा आलेखाबाहेर पडलाय. का ते मला अजून सापडलेलं नाही. सरांनी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून सही केली आहे. 'रिपीट' लिहिलेलं नाही. सर, मनापासून आभार!

आणि मित्रांनो, शाळेने नवीन खोकं केलंय, त्यामुळे जुनं माझ्या रूमवर पडून आहे. बल्ब, एलिमिनेटर, एलडीआर सगळं आहे. कुणाला पाहिजे असेल तर खुशाल घेऊन जा. फक्त रीडिंग माझ्याकडे मागू नका.